तरंगंबाडीला पहिल्यांदा जाताना

तरंगंबाडीला जाऊन आलेले बरेच जण सांगतात, "तासाभरात उरकतं." त्यांचं काही चुकत नाही. वेळांकण्णी किंवा कारैकालहून गाडी येते, किल्ल्यासमोर थांबते, माणसं वर-खाली फिरतात, समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात, की गाडी सुटली. असं पाहिलं तर तासही जास्तच झाला. पण हे गाव मुळात मासेमारीचं, आणि मासेमारीच्या गावाचा निम्मा दिवस सकाळी दहालाच संपलेला असतो. म्हणून एकच अट सांगतो: किमान एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची तयारी. हे जमणार नसेल तर वाट वाकडी करू नका, सरळ तंजावर गाठा.

गाव तमिळनाडूच्या कोरोमंडल किनाऱ्यावर, पुदुच्चेरीच्या दक्षिणेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. जुन्या पुस्तकांत जिल्हा नागपट्टिनम दिसेल; 2020 साली मयिलाडुतुरै वेगळा जिल्हा झाला आणि तरंगंबाडी त्यात गेली. इंग्रजी नकाशांवर अजून 'ट्रँकेबार' हे नावही सापडतं. दोन्ही एकच.

आधी महिना ठरवा

आपल्याकडचा पाऊस डोक्यात ठेवून बेत आखलात तर फसाल. इथला खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातही नोव्हेंबर टाळाच. बंगालच्या उपसागरातली वादळं त्याच सुमाराला याच किनाऱ्यावर येऊन धडकतात. जानेवारी आणि फेब्रुवारी हे सगळ्यात सुखाचे महिने. मार्चही चालून जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला वाळूत पाय ठेवणं हीच शिक्षा असते.

एप्रिल-मे टाळायला दुसरंही कारण आहे. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी 15 एप्रिल ते 14 जून, असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदी जून-जुलैची, त्यामुळे कोकणच्या हिशेबाने जाणारा बरोबर उलट्या वेळी पोचतो. बंदीत लहान होड्या जातात, पण किनाऱ्यावर ती झुंबड नसते. माणसं इंजिनं दुरुस्त करत, होड्यांना रंग देत, जाळी विणत बसलेली असतात. ते पाहण्यात रस असेल तर खुशाल जा. मासळीसाठी जाणार असाल तर थांबा.

तारखांचंही थोडं बघा. जानेवारीच्या मध्यात पोंगल येतो; त्यातल्या 'काणुम् पोंगल'च्या दिवशी तमिळनाडूतले सगळे समुद्रकिनारे माणसांनी फुलून जातात, आणि गावाचा शांतपणा त्या दिवशी शोधून सापडत नाही. 29 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर वेळांकण्णीच्या प्रसिद्ध मेरीमातेच्या चर्चचा उत्सव. तेव्हा या पट्ट्यातल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि रस्त्याने भगव्या कपड्यांतले पायी यात्रेकरू दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला 'पुरट्टासि' महिना म्हणजे तिथला श्रावण म्हणा, अनेक घरांत मासे-मटण बंद.

26 डिसेंबरला मात्र पर्यटक म्हणून जाऊ नका. 2004 च्या त्सुनामीने या किनाऱ्यावर माणसांचा घास घेतला. एकट्या तरंगंबाडीत शेकडो माणसं गेली. त्या दिवशी कोळी समुद्रावर जात नाहीत. किनाऱ्यावर मेणबत्त्या लागतात, समुद्रात दूध आणि फुलं सोडतात. असलाच तिथे, तर कॅमेरा खोलीवर ठेवून मागे उभे राहा.

पोचायचं कसं

गावात रेल्वे नाही. एकेकाळी मयिलाडुतुरैहून इथवर मीटरगेज होती, ती 1980 च्या दशकात बंद पडली. आता जवळचं मोठं जंक्शन मयिलाडुतुरैच, साधारण तीस किलोमीटर. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस ते कारैकाल अशी थेट साप्ताहिक गाडी आहे. तिचा वार तुमच्या सुट्टीशी जुळला तर उत्तम. नाहीतर चेन्नईला उतरून पुढची गाडी. इथे नवखे अडकतात. मुंबईकडच्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला येतात आणि मयिलाडुतुरै, कुंभकोणमकडच्या गाड्या एग्मोरहून सुटतात. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पण सामान, गर्दी आणि रिक्षावाल्याशी घासाघीस धरून मध्ये दोन तासांचा अवधी ठेवा.

मयिलाडुतुरैहून पुढे बस. चिदंबरम किंवा पुदुच्चेरीहून येणार असाल तर सिरकाळीमार्गे कारैकाल-नागपट्टिनमकडे जाणारी बस पकडायची. बसच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात, तेव्हा गावाचं नाव तमिळ अक्षरांत मोबाइलवर साठवून ठेवा आणि कंडक्टरला दाखवा. त्याच्यासोबत 'पोरैयार'चंही नाव ठेवा. ते शेजारचं गाव. काही बस तिथल्या स्टँडवर जातात, आणि तिथून तरंगंबाडीला रिक्षाने पाच-दहा मिनिटं लागतात. हमरस्त्याला सोडलं तर घाबरू नका, गाव तिथून चालण्याच्या अंतरावर आहे.

हिंदीवर विसंबू नका. मोडकं इंग्रजी आणि हातवारे यांवर सगळं निभतं, पण चार तमिळ शब्द तोंडात असले की समोरचा माणूस लगेच सैलावतो. 'वणक्कम्' नमस्काराला. 'एव्वळवु?' म्हणजे केवढ्याला. 'पोदुम्' म्हणजे पुरे, आणि जेवायला बसल्यावर हा शब्द पाठ हवाच. पुरुषाला 'अण्णा', बाईला 'अक्का'. वयस्कर बाईंना 'अम्मा'. आपल्याला अण्णा-अक्का काही परके नाहीत, त्यामुळे जीभ अडखळत नाही.

मुक्काम

गावात राहायच्या जागा मोजक्या. समुद्रासमोर जुन्या बंगल्यांची केलेली महागडी हॉटेलं आहेत, बाकी साधी लॉज आणि घरगुती खोल्या. शनिवार-रविवार धरून जाणार असाल तर आधी फोन करून पक्कं करा. जागा नाही मिळाली तर पोरैयार किंवा कारैकाल. तिसरा पर्याय तिरुक्कडैयूर, सात-आठ किलोमीटरवर, पण तिथे एक गंमत आहे. तिथल्या अमृतघटेश्वर-अभिरामी देवळात लोक साठीची शांत आणि ऐंशीचा सोहळा करायला लांबून येतात. मुहूर्ताच्या दिवसांत सगळी लॉज नवरा-नवरीच्या वेशातल्या आजी-आजोबांनी आणि त्यांच्या नातवंडांनी भरलेली असतात. खोली मिळणार नाही, पण वरात बघायला मिळेल.

खोली घेताना एकच विचारा: किनारा पायी किती मिनिटं? पहाटे पाचला रिक्षा मिळत नाही.

पहाटेचा किनारा

आपण कोकणातले किंवा मुंबईचे लोक समुद्रात सूर्य बुडताना बघत आलो. इथे तो समुद्रातून वर येतो, त्यामुळे सहाच्या आत किनाऱ्यावर पोचा. लहान होड्या त्याआधीच, काळोखात गेलेल्या असतात. ओंडके बांधून केलेली जुनी कट्टुमरम् आता क्वचितच दिसतात; बहुतेक होड्या फायबरच्या, मागे लांब दांड्याचं इंजिन लावलेल्या. दांड्याच्या टोकाला पंखा असतो, किनारा जवळ आला की तो उचलून घेतात. सूर्य थोडा वर आला की त्या एकेक करून परतायला लागतात. लाटेच्या पाठीवर होडी घालून ती वाळूवर चढवायचा क्षण चुकवू नका. पुढचा माणूस हात करतो, मागचा इंजिन वाढवतो, आणि होडी धाडकन वाळूत रुतते. त्या वेळी पाण्याच्या रेषेत उभे राहू नका. तिथे तुम्हाला सांभाळायला कुणाला फुरसत नसते.

मग जाळी उतरतात. खेकड्यांचं जाळं सोडवताना जरूर बघा. चार-पाच जण मांडी घालून गोल बसतात, जाळं मांडीवर ओढून घेतात आणि एकेक खेकडा धाग्यांतून मोकळा करतात. आधी नांग्या धरायच्या, मग पाठीवरचा धागा सोडायचा, मग पाय एकेक करून. पाय तुटला की भाव पडतो, म्हणून घाई करायची सोय नाही. एखादा म्हातारा बोलत बोलत, जाळ्याकडे न बघता हे करत असतो.

लिलावाला 'एलम्' म्हणतात. ताडपत्रीवर किंवा नुसत्या वाळूवर मासळीचे ढीग पडतात, एक जण आकडे पुकारतो आणि भोवती टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका मान हलवून किंवा एखादा शब्द टाकून बोली वाढवतात. सगळं दोन मिनिटांत आटपतं. नवख्याला कोण जिंकलं तेही कळत नाही. तुम्ही बोलीत पडू नका. तो ढिगाचा व्यवहार आहे, तुम्हाला दोन माणसांपुरते मासे हवेत. लिलाव झाल्यावर त्याच बायका बाजूला बसून किरकोळ विकतात, त्यांच्याकडून घ्या. नोटा सुट्ट्या ठेवा.

नावं आधी माहीत असली की विचारायला सोपं जातं. सुरमई ती 'वंजिरम्', पापलेट 'वव्वाल्', तारली 'मत्ति', कोळंबी 'इराल्', खेकडा 'नंडु', सुकी मासळी 'करुवाडु'. ताजेपणाची पारख आपलीच: डोळे स्वच्छ, कल्ला लाल, बोटाने दाबलं तर खड्डा राहू नये. खोलीवर स्वयंपाकाची सोय नसेल तर घरगुती राहण्याच्या ठिकाणी आदल्या रात्रीच विचारून ठेवा. आणलेली मासळी करून देणारी घरं असतात, पण ऐन वेळी पिशवी घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

किनाऱ्यावर वागायचे काही नियम आहेत, कुठे लिहिलेले नाहीत इतकंच. वाळूवर पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. होडीवर विचारल्याशिवाय चढू नका, आणि चढायला बोलावलं तर चपला खाली काढा. फोटोआधी कॅमेरा दाखवून नजरेने परवानगी घ्या. बहुतेक पुरुष हसून मान डोलावतात, बायका कित्येकदा नको म्हणतात, तिथे विषय संपवा. "समुद्रात एक चक्कर मारून आणा" असा आग्रह धरू नका. या होड्या प्रवाशांसाठी नाहीत, त्यांत तुमच्यासाठी लाइफ जॅकेट नसतं, आणि काही झालं तर निस्तरावं त्या माणसालाच लागतं.

गप्पा मात्र मारा. मासेमारीच्या बहुतेक गावांप्रमाणे इथेही कोळ्यांची स्वतःची ऊर-पंचायत आहे; समुद्रावर कधी जायचं, कुठलं जाळं चालेल, भांडण कसं मिटवायचं, यात तिचा शब्द चालतो. 'सुरुक्कुमडि' या मोठ्या गोल जाळ्यावरून किनाऱ्यावरच्या गावागावांत वर्षानुवर्षं वाद आहेत, अगदी पर्ससीनवरून आपल्याकडे आहेत तसे. कुणी आपणहून बोललं तर ऐका. स्वतःचं मत द्यायची गरज नाही.

पाण्यात उतरण्याआधी

उतरू नका, हा माझा सरळ सल्ला. किनारा उथळ वाटतो, पण वाळू लगेच खाली जाते आणि परतणारी लाट पाय ओढते. घोट्यापर्यंत पाणी पुरे. धूप थांबवायला टाकलेल्या मोठ्या दगडांच्या रांगा आहेत, त्यांवर सेल्फीसाठी चढणारे नेहमी दिसतात. शेवाळ आणि फटी दोन्ही वाईट. 'ओझोनयुक्त समुद्रकिनारा' अशी जाहिरातही वाचायला मिळेल. ती मनावर घेऊ नका. ओझोन जमिनीलगत श्वासातून आत जाणं फुप्फुसांना अपायकारक असतं, आणि नाकाला जो वास येतो तो खारं पाणी, शेवाळ आणि मासळीचा.

मग किल्ला आणि रस्ता

नऊनंतर ऊन चढतं, तेव्हा खोलीवर येऊन न्याहारी करा, आणि किल्ला दहानंतर किंवा चारनंतर बघा. तमिळनाडूतली सरकारी संग्रहालयं सहसा शुक्रवारी बंद असतात, म्हणून शुक्रवार टाळलेला बरा.

डेन्मार्कच्या ईस्ट इंडिया कंपनीचा ओवे गेड्डे इथे 1620 साली आला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्याने डान्सबोर्ग किल्ला बांधायला घेतला. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहून पाठवलेलं पत्र कोपनहेगनला जपून ठेवलेलं आहे. किल्ला फार मोठा नाही. रायगड-जंजिरा डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर निराश व्हाल. खाली कोठारं, तुरुंग, शिपायांच्या खोल्या. वर गव्हर्नर राहायचा. वरच्या कमानीत उभं राहिलं की वारा कसा खेळवला आहे ते कळतं.

मराठी माणसाला इथे आणखी एक धागा सापडतो. 1676 मध्ये तंजावरला व्यंकोजीराजांचं राज्य सुरू झालं, आणि तेव्हापासून डेन लोक या गावाचा वार्षिक खंड भोसल्यांना भरत होते. म्हणजे झेंडा डेन्मार्कचा, जमीनदार मराठे. पुढे 1845 साली डेन्मार्कने हे गाव आणि बंगालमधलं श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकलं. श्रीरामपूर हे नाव आपल्याला वेगळ्याच कारणाने ओळखीचं: विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथेच छापलं गेलं.

छपाईचा मान तरंगंबाडीलाही आहे. बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी जुलै 1706 मध्ये इथे उतरला, तमिळ शिकला, आणि त्याच्या छापखान्यातून बायबलमधल्या नव्या कराराचं तमिळ भाषांतर 1714-15 मध्ये बाहेर पडलं. कागद पुरेना म्हणून पोरैयारला कागदाची गिरणीही काढली होती. त्याने बांधलेलं न्यू जेरुसलेम चर्च 1718 चं; तो स्वतः पुढच्याच वर्षी, छत्तिशीत गेला, आणि त्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. चर्च रोजच्या वापरातलं आहे. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

हे सगळं ज्या किंग स्ट्रीटवर आहे ती पायी पाच-सात मिनिटांची. हमरस्त्याकडच्या टोकाला 1792 ची पांढरी वेस, दुसऱ्या टोकाला समुद्र. वेशीतून आत शिरलात की रहदारीचा आवाज एकदम मागे पडतो. मोठ्या बंगल्यांपेक्षा मला शेजारच्या गोल्डस्मिथ स्ट्रीटवरची नीट केलेली कौलारू घरं जास्त आवडतात: बाहेर ओटा, त्यावर लाकडी खांब, आणि ओट्यावर हमखास कुणीतरी बसलेलं. आत डोकावू नका, माणसं राहतात तिथे.

किनाऱ्यावरचं मासिलामणिनाथर देऊळ 1306 च्या सुमाराचं, पांड्य राजा कुलशेखराच्या काळातलं. त्याचा पुढचा भाग समुद्राने कधीच खाल्ला. देवळात दर्शनाला जायचं तर अर्धी चड्डी नको, हे वेगळं सांगायला नकोच.

जेवण

दुपारचं जेवण बारा ते अडीचच्या आत उरका. खाणावळीत केळीचं पान मांडतात, पाणी शिंपडून ते आपणच पुसून घ्यायचं. मीन् कुळम्बु, म्हणजे माशाचं कालवण, त्याला आपल्या कोकणी कालवणाची चव अपेक्षू नका. इथे आंबटपणा चिंचेचा, रंग गडद, आणि खोबरं असलंच तर मागे राहून. सोबत 'वरुवल्', म्हणजे तळलेली तुकडी, वेगळी मागावी लागते. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. सांबार, रसम्, पोरियल् (सुकी भाजी) सगळीकडे असतं, फक्त 'सैवम्', म्हणजे शाकाहारी, हा शब्द लक्षात ठेवा. रात्री आठनंतर गावात फारसं काही उघडं सापडत नाही. इडली-डोशावर सातलाच ताव मारा.

एक सावधगिरी. कारैकाल पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशात येतं, तिथे दारू स्वस्त आहे. बाटली घेऊन परत तमिळनाडूत येऊ नका; हद्दीवर तपासणी असते आणि गुन्हा दाखल होतो.

दुसरा दिवस

पहाटेचा किनारा पुन्हा एकदा बघून निघायचं असेल तर उत्तरेला वीसेक किलोमीटरवर पुम्पुहार आहे, चोळांचं जुनं बंदर, जिथे कावेरी समुद्राला मिळते. जुनं फारसं उरलेलं नाही, वेळ असेल तरच.

वेळ कमी असेल तर मयिलाडुतुरै-कुंभकोणममार्गे तंजावर, साधारण शंभर किलोमीटर. दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्त्स हे मुळात तरंगंबाडीच्याच मिशनचे, 1750 साली इथे आलेले. त्यांच्या मृत्यूनंतर राजांनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेलं संगमरवरी शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसल्यांचा 1803 चा लांबलचक मराठी शिलालेख आहे. दुपारी बारा-साडेबारा ते चार देवळं बंद असतात, म्हणून तरंगंबाडीहून सकाळी अकराला निघा, वाटेत कुंभकोणमला जेवा आणि चारच्या सुमाराला तंजावरला पोचा.